रानातलं स्कीइंग : ॲव्हलांच पास आणि परतीचं गणित



अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाची बर्फाशी पहिली ओळख होते ती ड्राइव्हवेवर, हातात फावडं घेऊन. पहिल्या वर्षी कौतुकानं फोटो काढून घरी पाठवले जातात. तिसऱ्या वर्षापासून "कधी एकदा एप्रिल येतो" असं सुरू होतं. मग नोव्हेंबर ते मार्च आपलं आयुष्य म्हणजे बेसमेंट, पॉटलक आणि मॉल. कॉलेजात असताना ज्यांनी राजमाची आणि हरिश्चंद्रगड पालथे घातले, ती मंडळीसुद्धा इथे हिवाळ्यात ट्रेकिंगचे बूट क्लॉझेटमध्ये ढकलून मोकळी होतात.

यावर आम्हा चार-पाच मित्रांना सापडलेला उपाय म्हणजे क्रॉस-कंट्री स्कीइंग, आणि ते अंगवळणी पडल्यावर त्याचाच रानातला प्रकार, बॅककंट्री. मंडळाच्या कार्यक्रमात बरेच जण विचारतात, "अरे, तुम्ही त्या जंगलात नक्की करता काय? आणि ते सुरक्षित असतं का?" या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका वाटेच्या आधारे देतो. ही वाट न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉनडॅक डोंगरांमधली, ॲव्हलांच पासची.

हा प्रकार आहे तरी काय?

स्कीइंग म्हटलं की डोळ्यांपुढे येते लिफ्टची खुर्ची आणि सरळ उतार. ते झालं डाउनहिल. त्यात बूट टाचेपासून पंजापर्यंत स्कीला घट्ट जखडलेला असतो. वर लिफ्ट नेते, खाली गुरुत्वाकर्षण आणतं. क्रॉस-कंट्रीत बूट फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला असतो आणि टाच मोकळी राहते. त्यामुळे चालता येतं आणि चढताही येतं.

यातही दोन प्रकार. एक स्की सेंटरमधला, जिथे मशीननं बर्फ दाबून दोन समांतर चर पाडलेले असतात. आगगाडीसारखं रुळांवरून जायचं आणि शेवटी गरम कोको प्यायचा. दुसरा बॅककंट्री. इथे चर नाहीत, दिवे नाहीत, गस्त घालणारं कोणी नाही. उन्हाळ्यातली पायवाटच बर्फाखाली झाकलेली असते आणि तिच्यावरचे दगड, ओढे, आडवी पडलेली झाडं आपापल्या जागी असतात.

स्की चढते कशी?

जी वस्तू खाली घसरण्यासाठी बनवली ती वर कशी चढते, हा प्रश्न इंजिनिअर मंडळींना हमखास पडतो. उत्तर स्कीच्या आकारात आहे. सपाट जमिनीवर ठेवलेली स्की मधोमध थोडी उचललेली दिसते, धनुष्यासारखी. दोन्ही पायांवर सारखं वजन असलं की हा मधला भाग बर्फाला जेमतेम लागतो आणि पुढची-मागची टोकं छान घसरतात. एका पायावर पूर्ण वजन देऊन खाली रेटलं की मधला भाग बर्फावर दाबला जातो. तिथे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. ती पुढे जाताना आडवी येत नाही, पण स्की मागे घसरू लागली की बर्फात रुतते. काही जण नक्षीऐवजी त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे मेण लावतात.

चढ फारच उभा असेल तर स्कीच्या तळाला 'स्किन' चिकटवतात. पूर्वी त्या खरोखर सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर किंवा नायलॉनच्या. त्यांचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात. मांजराच्या पाठीवरून हात सुलट फिरवला तर सरकतो, उलट फिरवला तर अडतो, तसंच हे.

रानातली स्की स्की सेंटरमधल्या स्कीपेक्षा रुंद असते आणि तिच्या दोन्ही कडांना लोखंडी पट्टी असते. कडक बर्फावर वळताना त्याच कडेचा आधार मिळतो. बारीक, हलक्या ट्रॅकच्या स्कीज घेऊन ॲव्हलांच पासला जाऊ नये.

ही वाट कुठली?

उत्तर न्यू जर्सीहून लेक प्लॅसिड साधारण पाच तासांवर आहे. १९३२ आणि १९८० अशी दोन हिवाळी ऑलिंपिक्स झालेलं हे छोटंसं गाव. तिथून थोडं पुढे हार्ट लेकच्या काठी ॲडिरॉनडॅक माउंटन क्लबचा 'ॲडिरॉनडॅक लोज' आहे. इंग्रजी पाटी वाचताना स्पेलिंग चुकलंय असं वाटतं. पण ती करामत मेल्व्हिल ड्यूई यांच्या विचारांची. ग्रंथालयातल्या पुस्तकांना दशांश क्रमांक देणारे ते हेच ड्यूई. इंग्रजीही उच्चाराप्रमाणे लिहावी असा त्यांचा आग्रह होता. आपल्या देवनागरीवाल्यांना हे पटायला हरकत नाही!

या भागात स्कीइंग रुजवणाऱ्यांत हर्मन योहानसेन हे नाव मोठं. जन्म १८७५ साली नॉर्वेत, शिक्षणानं इंजिनिअर, यंत्रसामग्री विकण्याच्या निमित्तानं इकडे आले आणि काही वर्षं लेक प्लॅसिडला राहिले. पुढे कॅनडात स्थायिक झाले. 'जॅकरॅबिट' या टोपणनावानं प्रसिद्ध झालेले हे गृहस्थ १९८७ साली, वयाच्या १११ व्या वर्षी वारले. लेक प्लॅसिडजवळचा जॅकरॅबिट ट्रेल त्यांच्याच नावाचा. तेही इंजिनिअर, तेही परदेशातून आलेले. तेव्हा "हे आपल्या लोकांचं काम नाही" असं कोणी म्हणालं की आम्ही योहानसेनना पुढे करतो.

आता वाटेबद्दल. लोजपासून ॲव्हलांच लेकपर्यंत एका बाजूचं अंतर सुमारे साडेचार मैल. पहिला टप्पा मार्सी डॅमचा, सव्वादोन मैलांच्या आसपास, बेताचा चढउतार. नाव धरणाचं असलं तरी आता तिथे धरण नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये 'आयरीन' वादळाच्या पुरानं त्याची मोडतोड केली आणि नंतर ते काढून टाकलं. पुढचा मैलभर ओढ्याकाठानं हळूहळू चढत आपण ॲव्हलांच कॅम्प्सपाशी येतो. इथून खरी परीक्षा. अर्ध्या-पाऊण मैलात सुमारे चारशे फूट चढून खिंड येते. तिची उंची साधारण तीन हजार फूट. या शेवटच्या चढावर स्कीवाल्यांची वाट वेगळी काढलेली आहे आणि चालणाऱ्यांची वेगळी.

खिंडीपलीकडे उतरलं की ॲव्हलांच लेक. लांबट, अरुंद तळं, एका बाजूला माउंट कोल्डन आणि दुसऱ्या बाजूला ॲव्हलांच माउंटन, दोघांचे कडे थेट पाण्यातून उठलेले. उन्हाळ्यात काठानं जायला जागाच नसल्यामुळे कड्याला बोल्टनं ठोकलेल्या फळ्यांवरून जावं लागतं. त्यांना 'हिच-अप मटिल्डा' म्हणतात. १८६८ साली एका वाटाड्यानं मटिल्डा नावाच्या बाईंना खांद्यावर बसवून हे पाणी पार केलं, तेव्हा त्या खाली घसरू लागल्या आणि घरचे ओरडले, "मटिल्डा, वर सरक!" हिवाळ्यात बर्फ पक्का झालेला असेल तर तळ्याच्या मधून स्कीवर जाता येतं. दोन्ही बाजूंना काळे कडे, खाली पांढरी सपाटी आणि कानात फक्त वारा. आम्हाला तिथे कोकणकड्याची आठवण झाली. फरक एवढाच की तिथे आपण कड्याच्या माथ्यावर असतो, इथे पायथ्याशी.

मग अवघड काय आहे?

अवघड आहे ते उतरणं. सह्याद्रीत फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघे आणि धीर दोन्ही लागतात. इथे तर पायाखाली घसरणारी पट्टी!

वाट अरुंद असण्याला इतिहास आहे. १८९४ साली न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत कलम घालून इथली सरकारी वनजमीन कायम रानच ठेवायची असं ठरलं. त्यामुळे झाडं तोडण्यावर कडक बंधनं आहेत आणि स्की रिसॉर्टसारखे रुंद पट्टे इथे होऊ शकत नाहीत. ज्या कलमामुळे हे जंगल शाबूत आहे त्याच कलमामुळे वळणावर झाड अगदी जवळ येतं.

उतरताना मुख्य ब्रेक म्हणजे स्नोप्लाउ. स्कीजची पुढची टोकं जवळ, मागची लांब, इंग्रजी 'व्ही' उलटा ठेवल्यासारखं. पण रुंद व्ही करायला रुंद वाट लागते. म्हणून आणखी काही गोष्टी शिकाव्या लागतात:

- काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवायचे. काठी झुडपात अडकली तर ती मागे राहावी, आपला खांदा नाही.
- वेग वाढतोय असं वाटलं की लगेच, मुद्दाम, बाजूला आणि मागच्या अंगाला पडायचं. ठरवून पडणं हे कौशल्य आहे. ताबा सुटल्यावर पडणं हा अपघात.
- पडल्यावर झालेला खड्डा बुजवायचा. मागून येणाऱ्याची स्की त्यात अडकते.
- एका वेळी एकानंच उतरायचं. खाली पोचून हाक दिली की दुसऱ्यानं निघायचं.
- फार उभं वाटलं तर स्की काढून, वाटेच्या कडेनं, चालत यायचं. यात कमीपणा काही नाही.

इथे एक नियमही लक्षात ठेवा. या हाय पीक्स भागात आठ इंच किंवा जास्त बर्फ असेल तर स्की किंवा स्नोशूज घालणं बंधनकारक आहे. नुसत्या बुटांनी चाललं की गुडघाभर खड्डे पडतात, ते रात्रीत गोठतात आणि दुसऱ्या दिवशी उतरणाऱ्याचा पाय मोडायला पुरेसे होतात.

थंडीपेक्षा घाम वाईट

नवीन माणूस थंडीच्या भीतीनं जाडजूड जॅकेट घालून निघतो आणि अर्ध्या तासात घामानं भिजतो. चढताना हे जाणवत नाही, कारण शरीर भट्टीसारखं चालू असतं. खिंडीत थांबलं की वारा लागतो आणि तेच ओले कपडे अंगातली उष्णता ओढून घेतात. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. सुती कपडे ओले झाले की वाळत नाहीत, म्हणून बनियनपासून मोज्यांपर्यंत सुती काहीही नको. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, वर वारा अडवणारं हलकं जॅकेट आणि जाड जॅकेट बॅगेत. थांबल्या थांबल्या ते अंगावर चढवायचं. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा.

शरीराचं आतलं तापमान ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची सुरुवात सोबत्यांनीच ओळखायची असते, कारण ज्याला होतो त्याला कळत नाही. आम्ही ती मराठीत लक्षात ठेवतो: बोटांची गडबड, जिभेची अडखळ, पायांची धडपड आणि स्वभावाची चिडचिड. एरवी शांत असणारा मित्र "मला काही झालेलं नाही, चला पुढे" असं तडकून म्हणाला, तर थांबा. कोरडे कपडे, गरम गोड चहा, काहीतरी खाणं, आणि मग परतीची वाट.

परतीचं गणित

या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

१९८० च्या ऑलिंपिकमध्ये लेक प्लॅसिडलाच पंधरा किलोमीटरच्या शर्यतीत स्वीडनच्या थॉमस वासबर्गनं फिनलंडच्या युहा मिएटोला एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं हरवलं. रानात सेकंदांना किंमत नाही, पण एका वेळेला फार आहे. ती म्हणजे मागे फिरायची वेळ. ती घरून निघतानाच ठरवायची आणि डोंगरात बदलायची नाही.

बरेच जण हिशोब असा करतात: चढायला साडेतीन तास, उतरायला दोन, अंधार पावणेपाचला. म्हणजे अडीचपर्यंत वर थांबायला हरकत नाही. हा हिशोब सगळं नीट चाललं तरच बरोबर. आपण सॉफ्टवेअरवाले प्रोग्राम तपासताना 'सगळ्यात वाईट काय होईल' हे आधी बघतो. इथेही तेच. स्की मोडली, बाइंडिंग निघालं, कोणाचा गुडघा दुखावला, तर बर्फातून चालण्याचा वेग तासाला जेमतेम एक मैल. साडेचार मैलांना साडेचार तास. जानेवारीच्या मध्यावर तिथे सूर्य पावणेपाचच्या आसपास मावळतो. त्यातून साडेचार तास वजा केले की उत्तर येतं सव्वाबारा. म्हणून आमची मागे फिरायची वेळ दुपारी बारा. कुठेही असू तरी.

हे कागदावर सोपं आहे. एका जानेवारीत आम्ही पाच जण खिंडीच्या माथ्यावर होतो आणि घड्याळात बरोबर बारा वाजले होते. तळं खाली, पंधरा मिनिटांवर. आकाश निळंशार. आमच्यातला एक जण पहिल्यांदाच आला होता. तो म्हणाला, "पाच तास गाडी चालवून आलोय रे, पंधरा मिनिटांसाठी काय परत फिरायचं?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण पंधरा मिनिटं कधीच पंधरा नसतात. उतरणं, फोटो, चहा, पुन्हा खिंड चढणं, की झाला सव्वा तास. थोडी वादावादी झाली, तोंडं पडली, पण आम्ही फिरलो.

उतरताना ॲव्हलांच कॅम्प्सजवळ एकाच्या बाइंडिंगचे स्क्रू स्कीमधून उपटले गेले. दुरुस्तीचा प्रयत्न करण्यात पाऊण तास गेला, तो काही जमला नाही. मग त्यानं गटासाठी बरोबर ठेवलेल्या जादा स्नोशूज घातल्या आणि आम्ही सगळे त्याच्या वेगानं निघालो. लोजला पोचलो तेव्हा चार वाजले होते आणि अजून उजेड होता. तळ्यापर्यंत गेलो असतो तर शेवटचा मैलभर काळोखात, घसरत्या पारासोबत काढावा लागला असता. हेडलॅम्प होते, कदाचित निभावलंही असतं. पण 'कदाचित'वर पाच घरांची माणसं ठेवायची नाहीत, एवढाच या नियमाचा अर्थ. तळं पुढच्या वर्षीही तिथेच होतं. तेव्हा पाहिलं.

नावातला हिमप्रपात

वाटेच्या नावातच ॲव्हलांच आहे, तेव्हा हेही सांगायला हवं. माउंट कोल्डनच्या अंगावर उघड्या खडकाचे लांब पट्टे दिसतात. त्या दरडी कोसळल्याच्या खुणा आहेत. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये 'फ्लॉइड' वादळात अशीच एक दरड थेट खिंडीत येऊन पडली. झाडं नसलेल्या या उतारांवर हिवाळ्यात बर्फ साचतो आणि घसरूही शकतो. जवळच्याच राइट पीकवर २००० च्या फेब्रुवारीत हिमप्रपातात स्की करणारे सापडले आणि त्यातला एक जण दगावला. जंगलातल्या वाटेवर धोका कमी असतो, पण अशा पट्ट्यांवर चढू नये, त्यांच्या पायथ्याशी रेंगाळू नये आणि भरपूर बर्फ पडल्यानंतर किंवा जोराच्या वाऱ्यानंतर एक-दोन दिवस जाऊ द्यावेत.

बॅगेत काय हवं?

- हेडलॅम्प, प्रत्येकाचा वेगळा, आणि जादा बॅटरी.
- कागदी नकाशा आणि होकायंत्र. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते आणि थंडीत त्याची बॅटरी झटकन उतरते. फोन आतल्या खिशात ठेवा.
- दुरुस्तीसाठी स्क्रूड्रायव्हर, तार, जादा स्क्रू आणि काठीला गुंडाळलेली डक्ट टेप.
- गटात निदान एक जादा स्नोशूजची जोडी, बसायला फोमचा तुकडा, काडेपेटी, प्रथमोपचार.
- पाण्याची रुंद तोंडाची बाटली, बॅगेत उलटी. पाणी वरून गोठतं, त्यामुळे उलटी ठेवली की झाकणाची बाजू मोकळी राहते. थर्मासमध्ये आल्याचा चहा.
- खाऊ. शेंगदाण्याची चिक्की उत्तम, पण थंडीत दगड होते. घरीच तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. संक्रांतीच्या सुमारास गेलात तर तिळगुळाचे लाडू. गोड बोलायची गरज तिथे फार असते!

निघताना वाटेच्या तोंडाशी असलेल्या नोंदवहीत नाव लिहा, परतल्यावर बाहेर पडल्याची नोंद करा. शिवाय घरी एकाला सांगून ठेवा: "अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं."

सुरुवात कुठून करावी?

पहिल्याच हिवाळ्यात ॲव्हलांच पास नको. पहिले तीन-चार दिवस माउंट व्हॅन होव्हनबर्गच्या तयार ट्रॅकवर घालवा. १९८० च्या ऑलिंपिक शर्यती तिथेच झाल्या. स्कीज भाड्यानं मिळतात आणि शिकवणारेही असतात. मग मुलांना घेऊन हार्ट लेकच्या आसपास. त्यानंतर साउथ मेडोवरून मार्सी डॅमला जाणारा जुना ट्रक रस्ता. तो रुंद आहे, चढ सौम्य आहे आणि अर्ध्यातून परत फिरलं तरी मजा कमी होत नाही. तिथे स्नोप्लाउ आणि ठरवून पडणं घोटवून घ्या. उतारावर हवं तेव्हा थांबता यायला लागलं की मगच खिंडीचा विचार करा, आणि तोही आधी जाऊन आलेल्या कोणाबरोबर. चारपेक्षा कमी जण नकोत. एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात.

मुलांसाठी तर हे फारच चांगलं. लिफ्टच्या तिकिटाचा खर्च नाही, रांग नाही, आणि बर्फ म्हणजे नुसती गैरसोय नाही हे त्यांना लहानपणीच कळतं. आमच्या मुलांनी मार्सी डॅमच्या वाटेवर ससा आणि कोल्हा यांचे ठसे ओळखायला शिकून घेतलं आहे. आम्हाला अजून नीट जमत नाही.

तेव्हा मंडळी, ते क्लॉझेटमधले बूट जरा बाहेर काढा. येत्या हिवाळ्यात ज्यांना व्हॅन होव्हनबर्गला पहिले धडे गिरवायचे असतील त्यांनी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आम्हाला गाठावं. चहा आमच्याकडून, लाडू तुमच्याकडून, आणि मागे फिरायची वेळ सगळ्यांची एकच!